रेकी : उगम, पद्धत आणि पडताळणी

रेकी ही हात ठेवून उपचार करण्याची जपानी पद्धत आहे. उपचार करणारा आपले तळवे समोरच्याच्या अंगावर हलकेच टेकवतो किंवा अंगापासून बोटभर वर धरतो, काही मिनिटे तसेच ठेवतो आणि मग पुढच्या जागी नेतो. त्यात चोळणे नाही, दाबणे नाही, औषध नाही की अवजार नाही. विश्वात भरून राहिलेली एक जीवनशक्ती उपचारकाच्या हातांतून वाहते, रुग्णाच्या शरीरात शिरते आणि शरीराची स्वतःला सावरण्याची ताकद जागी करते, असे ही पद्धत मानणारे सांगतात. जपानीत या शक्तीला ‘की’ म्हणतात. भारतीय माणूस तिला चटकन ‘प्राण’ म्हणून मोकळा होतो, आणि रेकी आपल्याकडे इतक्या लवकर घरची झाली त्याचे एक कारण हेच आहे.

शिबिरांच्या पत्रकांवर रेकीला बहुधा ‘हजारो वर्षांची प्राचीन विद्या’ म्हटलेले असते. प्रत्यक्षात ती १९२२ सालची आहे. तिचे प्रवर्तक, त्यांचे गाव, त्यांचा मृत्यू, त्यांची समाधी या सगळ्यांची नोंद आहे. रेकी समजून घ्यायची तर प्राचीनतेचा हा मुलामा आधी खरवडून काढावा लागतो. खालचा इतिहास मुलाम्यापेक्षा अधिक रंजक आहे.

मिकाओ उसुई यांचा जन्म १५ ऑगस्ट १८६५ रोजी जपानच्या गिफू प्रांतातल्या तानिआई या खेड्यात झाला. त्यांच्याविषयीचा सर्वांत जुना आणि सविस्तर लेख दगडावर कोरलेला आहे. तोक्योच्या सुगिनामी भागातल्या साइहोजी या बौद्ध मंदिराच्या दफनभूमीत त्यांच्या शिष्यांनी फेब्रुवारी १९२७ मध्ये ही स्मृतिशिला उभारली. मजकूर मासायुकी ओकादा यांचा आणि अक्षर जुझाबुरो उशिदा या निवृत्त नौदल अधिकाऱ्याचे. शिष्यांनी गुरूविषयी लिहिलेला मजकूर असल्याने स्तुती भरपूर आहे. तरी गुरूच्या मृत्यूनंतर वर्षभरातच तो कोरला गेला, आणि ज्यांनी उसुईंना पाहिले होते अशा माणसांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. नंतरच्या कोणत्याही कथेपेक्षा त्याचे वजन जास्त आहे.

शिलालेखातले उसुई बहुश्रुत आहेत. इतिहास, वैद्यक, धर्मग्रंथ, मानसशास्त्र, अगदी शकुनविद्याही त्यांनी चाळलेली आहे; पण व्यवहारात यश हाती लागत नाही आणि वारंवार ओढाताण होते. अखेर ते क्योतोच्या उत्तरेला असलेल्या कुरामा डोंगरावर जातात. गर्द झाडीने वेढलेल्या या डोंगरावर आठव्या शतकात स्थापन झालेले मंदिर आहे आणि तपस्येची जागा म्हणून त्याची ख्याती जुनी आहे. तेथे उसुईंनी एकवीस दिवस उपवास केला. शेवटच्या दिवशी डोक्यावर एक महान शक्ती असल्याचा अनुभव त्यांना आला आणि त्याच क्षणी हाताने बरे करण्याची विद्या प्राप्त झाली, असे लेख सांगतो. त्यांनी ती आधी स्वतःवर आणि मग घरच्यांवर करून पाहिली. एप्रिल १९२२ मध्ये ते तोक्योला आले, हाराजुकू भागात त्यांनी केंद्र काढले आणि ‘उसुई रेकी र्‍योहो गाक्काई’ ही संस्था स्थापन केली.

हे सारे एकट्या डोंगरावर घडले असे मानले तर अर्धेच चित्र दिसते. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत जपानमध्ये मनोबलाने आणि हातांनी उपचार करणाऱ्यांचा सुकाळ होता. पाश्चात्त्य संमोहनविद्या, शरीरातल्या चुंबकत्वाच्या कल्पना, योगाच्या नावाखाली पोहोचलेले श्वसनाचे व्यायाम, बौद्ध व शिंतो तपश्चर्या, हे सगळे त्या काळच्या शहरी जपानमध्ये एकमेकांत मिसळत होते. ‘रेकी’ हा शब्दसुद्धा उसुईंच्या आधी दुसऱ्या उपचारकांनी वापरलेला आहे. सरकार आधुनिक वैद्यकाच्या मागे उभे होते. पण क्षयासारख्या रोगावर त्या वैद्यकाकडे तेव्हा औषध नव्हते आणि डॉक्टर सामान्यांच्या खिशाला परवडत नव्हता. उसुईंची पद्धत या पोकळीत उगवली आणि शेजारच्या कित्येक पद्धती नामशेष झाल्या तरी ती टिकली.

तिला पहिला मोठा प्रसंग लाभला तो दुर्दैवाचा. १ सप्टेंबर १९२३ रोजी कांतो भूकंपाने तोक्यो आणि योकोहामा उद्ध्वस्त केले. भूकंप आणि त्यानंतरच्या आगी यांत एक लाखाहून अधिक माणसे मेली. उसुई दररोज शहरात फिरून जखमींवर उपचार करीत होते, असे शिलालेखात म्हटले आहे. लोकांची रीघ वाढली, पहिली जागा अपुरी पडू लागली आणि १९२५ मध्ये नाकानो येथे मोठे केंद्र बांधावे लागले. दूरदूरची बोलावणी येऊ लागली. अशाच एका दौऱ्यात, ९ मार्च १९२६ रोजी, फुकुयामा येथे त्यांचे निधन झाले. शिष्यांची संख्या शिलालेख दोन हजारांच्या वर सांगतो.

उसुईंच्या शिकवणीत रोग बरा करणे दुय्यम होते, ही गोष्ट आजच्या शिबिरांत पुष्कळदा निसटते. रोज सकाळ-संध्याकाळ हात जोडून म्हणावयाची पाच तत्त्वे त्यांनी शिष्यांना दिली होती. त्यांचा आशय साधा आहे: आजच्या दिवसापुरते रागावू नये, काळजी करू नये, कृतज्ञ राहावे, आपले काम मनापासून करावे, सर्वांशी दयेने वागावे. ‘आजच्या दिवसापुरते’ ही अट त्यात महत्त्वाची. जन्मभर न रागावण्याची प्रतिज्ञा मोडते, एका दिवसाची निभावण्याची शक्यता असते. संस्थेच्या बैठकांत या तत्त्वांबरोबर सम्राट मेइजी यांच्या कविताही म्हटल्या जात. चक्रे, स्फटिक, पिरॅमिड, देवदूत यांचा त्या काळच्या रेकीत मागमूस नव्हता.

उसुईंच्या शिष्यांत नौदलातले अधिकारी बरेच होते. त्यांपैकी चुजिरो हायाशी (१८८०–१९४०) यांनी रेकीला दवाखान्याचे रूप दिले. उसुई रुग्णाच्या शरीरावर हात फिरवून, जेथे काही जाणवेल तेथे थांबत. हायाशींनी त्याला शिस्त लावली: कोणत्या तक्रारीसाठी हात कोठे ठेवायचे याची पुस्तिका तयार केली, तोक्योत स्वतःचा दवाखाना काढला आणि एका रुग्णावर दोन उपचारक बसवण्याची पद्धत पाडली. आज जगभर शिकवल्या जाणाऱ्या ठरावीक ‘पोझिशन’चे मूळ या दवाखान्यात शोधावे लागते.

१९३५ च्या अखेरीस या दवाखान्यात हवाई बेटांवरून आलेली एक बाई दाखल झाली, आणि रेकीचे भवितव्य बदलले. हावायो ताकाता यांचा जन्म २४ डिसेंबर १९०० रोजी काउआई बेटावर उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या जपानी स्थलांतरितांच्या घरी झाला. पती १९३० मध्ये वारले, पदरात दोन मुली, कष्टाने शरीर खंगलेले, पोटाच्या दुखण्याने बेजार. तोक्योच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरलेली असताना त्यांनी ती टाळून हायाशींचा दवाखाना गाठला. पहिल्याच उपचारात उपचारकांचे हात इतके गरम लागले की काहीतरी यंत्र लपवले असणार अशी त्यांची खात्री झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकाच्या किमोनोची बाही धरून आत विजेरी आहे का ते चाचपून पाहिले. बाही रिकामी निघाली. हा किस्सा त्या जन्मभर सांगत. काही महिन्यांत त्यांना बरे वाटले, त्या तेथेच राहून शिकल्या आणि १९३७ मध्ये हवाईला परतल्या. हायाशी स्वतः तिकडे गेले आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये त्यांनी ताकातांना ‘मास्टर’, म्हणजे इतरांना शिकवण्याचा अधिकार असलेली गुरू, म्हणून जाहीर केले. हायाशींनी मे १९४० मध्ये, युद्धाच्या तोंडावर, आत्महत्या केली.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि हवाईतला प्रत्येक जपानी माणूस संशयित ठरला. अशा वातावरणात जपानी बौद्ध तपस्व्याची विद्या अमेरिकनांना शिकवणे सोपे नव्हते. ताकातांनी सांगितलेल्या कथेतले उसुई हळूहळू ख्रिस्ती झाले: क्योतोच्या दोशिशा या ख्रिस्ती विद्यापीठाचे ते प्रमुख, येशूने हातांनी रोगी कसे बरे केले असा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारल्याने अस्वस्थ झालेले, त्याच्या उत्तरासाठी शिकागो विद्यापीठापर्यंत जाऊन आलेले. पुढे अभ्यासकांनी दोन्ही विद्यापीठांत चौकशी केली तेव्हा उसुईंचे नाव कोठेच सापडले नाही. ही कथा ताकातांनी श्रोते पाहून रचली असे दिसते, आणि ती रचल्याशिवाय रेकी पॅसिफिक ओलांडून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पोहोचली असती का, याची शंकाच आहे. तरी मराठीतल्या काही पुस्तिकांत ती अजून इतिहास म्हणून छापली जाते, हे मात्र अक्षम्य म्हणावे लागते.

ताकातांनी १९७० च्या दशकात बावीस जणांना मास्टर केले. त्यासाठी त्या दहा हजार डॉलर घेत. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही, असे त्यांचे म्हणणे. ११ डिसेंबर १९८० रोजी त्यांचे निधन झाल्यावर वारसाहक्काचा वाद उभा राहिला. एका बाजूला नात फिलिस लेई फुरुमोतो, दुसऱ्या बाजूला शिष्या बार्बरा वेबर रे. दरम्यान बाकीच्या मास्टरांनी शुल्क कमी केले, मास्टरांनी मास्टर घडवले आणि पंधरा-वीस वर्षांत ही विद्या जगभर पसरली. गंमत अशी की जपानमध्ये मूळ संस्था बाहेरच्यांना दार बंद करून शांतपणे चालू होती, आणि सामान्य जपानी माणसाला रेकी पुन्हा भेटली ती १९८० च्या दशकात अमेरिकेहून परत आलेल्या रूपात.

ही विद्या भारतातही आली, आणि पुण्याचा तिच्या इतिहासाशी संबंध दोन प्रकारे येतो. कोरेगाव पार्कमधल्या ओशोंच्या आश्रमात येणाऱ्या परदेशी संन्याशांनी ध्यान, मालिश आणि नाना उपचारपद्धतींबरोबर रेकीही आणली, आणि आश्रमाच्या वर्तुळात तिचे वेगळे रूपही तयार झाले. त्या वर्तुळातलेच एक जर्मन शिष्य फ्रँक अर्जव पेटर पुढे जपानमध्ये राहिले. उसुईंचे खरे चरित्र, त्यांची समाधी आणि शिलालेख पाश्चात्त्य वाचकांसमोर आणण्यात १९९० च्या दशकात त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे ताकातांची कथा ज्यांनी खोडून काढली त्यांच्यातला एक जण कोरेगाव पार्कच्या वाटेने गेलेला होता. देशात रेकीचा पद्धतशीर प्रसार अमेरिकन लेखिका पॉला होरन यांनी १९८९ च्या सुमारास सुरू केला असे मानले जाते. पुढच्या दहा वर्षांत मुंबई, पुणे, नाशिक येथे शनिवार-रविवारची शिबिरे नेमाने होऊ लागली.

भारतात आल्यावर रेकीने भारतीय वेश घेतला. हात ठेवण्याच्या जागा सात चक्रांशी जोडल्या गेल्या, ‘अॅट्यूनमेंट’ या प्रारंभविधीची दीक्षा झाली, उपचारापूर्वी गुरुस्मरण आले. कुरामावरच्या उपवासाच्या स्मरणाने दीक्षेनंतर एकवीस दिवस रोज स्वतःवर रेकी करण्याचा नियम आपल्याकडे व्रतासारखा पाळला जातो. जपानी साधनेत सात चक्रांची मांडणी नाही. तेथे लक्ष असते ते बेंबीखालच्या ‘तान्देन’ या एका केंद्रावर. भारतीय शिकवणीत जे ‘मूळचे’ म्हणून सांगितले जाते त्यातले बरेचसे अमेरिकेतल्या नवयुग चळवळीने आधी चक्रे म्हणून आपल्याकडूनच उचलले आणि मग रेकीबरोबर परत पाठवले.

शिक्षण तीन पायऱ्यांचे. जपानी नावे शोदेन, ओकुदेन आणि शिनपिदेन. बोलण्यात फर्स्ट डिग्री, सेकंड डिग्री आणि मास्टर. पहिल्या पायरीला शिक्षक विद्यार्थ्याला दीक्षा देतो. विद्यार्थी डोळे मिटून, हात जोडून खुर्चीवर बसतो; शिक्षक त्याच्या मागे-पुढे उभा राहून डोके, खांदे आणि तळव्यांवर काही क्रिया करतो, हळूच फुंकर घालतो. यानंतर माणूस आयुष्यभरासाठी रेकीचे ‘चॅनेल’ होतो, असे मानतात. अभ्यास, पाठांतर, परीक्षा काही नाही. दुसऱ्या पायरीला तीन चिन्हे शिकवतात: एक शक्ती वाढवण्यासाठी, एक मनाच्या तक्रारींसाठी आणि एक दूर असलेल्या माणसाला रेकी पाठवण्यासाठी. चौथे चिन्ह मास्टरला मिळते. ही चिन्हे पूर्वी गुप्त ठेवीत, विद्यार्थ्यांनी सरावाचे कागद जाळून टाकावेत अशी ताकीद असे. आता ती छापील पुस्तकांत सहज मिळतात. मूळ जपानी शिक्षणात एका पायरीवरून दुसरीवर जायला बराच काळ लागे आणि गुरूकडून दीक्षा पुनःपुन्हा मिळे. आज तिन्ही पायऱ्या लागोपाठच्या सुट्ट्यांत पुऱ्या करून देणारे शिक्षक आहेत. दोन दिवसांत मास्टर झालेल्या माणसाला कशाचे मास्टर म्हणावे, हा प्रश्न रेकीच्या आतल्या जाणत्यांनाही छळतो.

प्रत्यक्ष उपचार पाहिला तर तो दिसायला अगदी साधा असतो. खोली शांत, पंखा मंद, फोन बंद. रुग्ण पूर्ण कपड्यांत पाठीवर झोपतो. चष्मा, पट्टा, घड्याळ काढून ठेवलेले. उपचारक हात धुतो, क्षणभर नमस्कार करून थांबतो आणि दोन्ही तळवे, बोटे जुळवून, रुग्णाच्या डोळ्यांवर अलगद आणतो. चेहऱ्यावर भार येऊ नये म्हणून मध्ये स्वच्छ रुमाल ठेवलेला असतो. तीन ते पाच मिनिटे हात तेथेच असतात. मग कानशिले, डोक्याचा मागचा भाग, गळा, छाती, बरगड्यांचा खालचा भाग, पोट, ओटीपोट; नंतर रुग्ण पालथा झाल्यावर खांदे, पाठ, कंबर, शेवटी गुडघे आणि तळपाय. छातीवर आणि ओटीपोटावर हात अंगाला न लावता वर धरण्याचा संकेत चांगले उपचारक पाळतात. एका बैठकीला तास-सव्वा तास लागतो. बहुतेकांना हाताखाली ऊब जाणवते, काहींना मुंग्या येतात, काहींना काहीच वाटत नाही, आणि पुष्कळ जण पोटापर्यंत हात येण्याआधीच घोरू लागतात. शेवटी उपचारक हात झटकतो, पुन्हा धुतो आणि रुग्णाला पाणी देतो.

या तासाभराने बरे वाटते, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो कशाने बरे वाटते, आणि बरे वाटणे म्हणजे बरे होणे का, याबद्दल.

रेकीच्या शक्तीची नोंद आजवर कोणत्याही उपकरणाने केलेली नाही. शरीराभोवती विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे असतात हे खरे आणि त्यांचा हवाला वारंवार दिला जातो. पण हृदयामुळे छातीबाहेर निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण दहा लाखावा भाग भरते आणि ते मोजण्यासाठी खास यंत्रणा लागते. हातातून निघून दुसऱ्याच्या यकृतात जाणारा, आणि वाटल्यास मुंबईहून न्यू जर्सीलाही पोहोचणारा प्रवाह त्यातून सिद्ध होत नाही.

उपकरणाला न कळणारी शक्ती हाताला कळते का, हे तपासणारा एक नामांकित प्रयोग अमेरिकेतल्या एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेसाठी केला. तो रेकीवर नव्हता, तिच्या जवळच्या ‘थेराप्युटिक टच’ या पद्धतीवर होता. या पद्धतीचे उपचारक शरीरापासून काही इंचांवर हात धरून रुग्णाचे ऊर्जाक्षेत्र चाचपतात. एमिलीने टेबलावर पुठ्ठ्याचा पडदा उभा केला, त्याला खाली दोन भोके पाडली. उपचारक पलीकडे बसून दोन्ही हात भोकांतून, तळवे वर करून, पुढे ठेवी. एमिली नाणे उडवून ठरलेल्या एका तळव्यावर आपला हात काही इंच उंच धरी आणि विचारी, कोणता? एकवीस उपचारकांनी मिळून २८० वेळा उत्तर दिले. १२३ बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. डोळे मिटून अंदाज ठोकला असता तर निम्मी बरोबर आली असती. १९९८ मध्ये हा प्रयोग अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला तेव्हा एमिली अकरा वर्षांची होती. उपचारकांनी प्रयोगाच्या रीतीवर आक्षेप घेतले. पण आपल्या बाजूने दुसरा, अधिक चांगला प्रयोग करून दाखवणे त्यांना कधीच कठीण नव्हते.

रेकीवरच्या वैद्यकीय चाचण्यांत मोठी अडचण असते ती तुलनेची. गोळीची नक्कल साखरेच्या गोळीने करता येते, हाताची कशाने करायची? संशोधकांनी नकली उपचारक तयार केले: दीक्षा न घेतलेली माणसे, खऱ्यांसारखीच हालचाल शिकवलेली, मनात मात्र रेकीचा विचार न आणणारी. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अशा एका चाचणीत अंगभर दुखण्याचा फायब्रोमायल्जिया हा विकार असलेल्या १०० जणांना आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा उपचार मिळाले. काहींना खऱ्या मास्टरकडून, काहींना मास्टर असल्याचा अभिनय करणाऱ्याकडून, काहींना स्पर्शाने, काहींना अंतरावरून. २००८ मध्ये निष्कर्ष आला: दुखणे कोणत्याच गटात कमी झाले नाही.

दुसरी चाचणी २०११ ची आणि अधिक बोलकी आहे. केमोथेरपी घेणाऱ्या १८९ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीची शुश्रूषा, दुसऱ्याला खरी रेकी, तिसऱ्याला नकली रेकी. खरी रेकी मिळालेल्यांना नेहमीच्या गटापेक्षा लक्षणीय बरे वाटले. नकली मिळालेल्यांनाही तितकेच. म्हणजे शिरेत औषध ठिबकत असताना शेजारी एक शांत माणूस बसतो, हात ठेवतो आणि घाई करत नाही, एवढ्याने रुग्णाचा त्रास हलका होतो. त्यासाठी त्या माणसाची दीक्षा झालेली असावी लागत नाही. रेकीच्या विरोधकांनी या चाचणीचा पहिला निष्कर्ष वगळू नये आणि समर्थकांनी दुसरा.

एकेका चाचणीपलीकडे जाऊन सगळ्यांचा एकत्र आढावा घेतला तरी चित्र फार बदलत नाही. पर्यायी उपचारांचे अभ्यासक एड्झार्ड अर्न्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध चाचण्या तपासल्या आणि रेकी कोणत्याही आजारावर गुणकारी असल्याचा पुरेसा पुरावा नाही असे म्हटले. वैद्यकीय पुराव्याचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा चिंता आणि नैराश्य यांवरच्या रेकीचा आढावा २०१५ मध्ये आला. त्याला विचारात घेण्याजोग्या तीनच चाचण्या मिळाल्या आणि त्यांतली माणसेही मोजकीच होती. रेकीच्या बाजूने निष्कर्ष काढणारे लेखही आहेत, पण ते बहुतांशी लहान चाचण्यांवर उभे आहेत.

मग अनुभव खोटे का? खोटे नाहीत, त्यांची कारणे वेगळी आहेत. दुखणे नेहमी चढ-उताराने चालते आणि माणूस उपचाराला जातो तो बहुधा चढावर असताना. त्यानंतर उतार येतोच आणि श्रेय त्या आठवड्यात जे केले त्याला मिळते. तासभर निवांत पडून राहिल्यावर श्वास संथ होतो, ताणलेले स्नायू सैल पडतात, हातापायांच्या त्वचेत रक्त अधिक खेळू लागते. ऊब जाणवण्यालाही हे पुरेसे आहे: स्थिर ठेवलेल्या तळव्याखाली उष्णता साठते आणि ज्या जागेकडे लक्ष लागलेले असते तेथली बारीकशी संवेदनाही मोठी वाटते. शिवाय ज्या रुग्णाला डॉक्टरच्या खोलीत पाच मिनिटे मिळतात त्याला येथे एक तास मिळतो. शहरातल्या पुष्कळ एकट्या वृद्धांना आठवड्यात दुसऱ्या कोणाचा हात लागतच नाही.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकसारख्या काही मोठ्या रुग्णालयांत रेकी दिली जाते ती याच पातळीवर, उपचाराला जोड म्हणून. त्याचा अर्थ त्या रुग्णालयांनी शक्तीचा सिद्धान्त मान्य केला असा होत नाही, जरी जाहिरातींत तसा अर्थ सर्रास काढला जातो. आक्षेप विज्ञानाकडूनच येतात असेही नाही. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने मार्च २००९ मध्ये आपल्या रुग्णालयांत आणि संस्थांत रेकीला जागा देऊ नये असे सांगितले. ती ना विज्ञानात बसते ना ख्रिस्ती श्रद्धेत, असा त्यांचा युक्तिवाद होता.

भारतात रेकीला वैद्यकपद्धती म्हणून कायदेशीर मान्यता नाही. आयुष मंत्रालयाच्या कक्षेत आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपथी येतात. रेकी त्यांत नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने पर्यायी पद्धतींचा विचार केला त्यात रेकीही होती, आणि २००३ मध्ये मान्यता मिळालेल्यांत तिचे नाव आले नाही. ती शिकवणे किंवा करणे हा गुन्हा नाही, पण रेकी मास्टरने नावापुढे ‘डॉक्टर’ लावणे, औषध बदलायला सांगणे किंवा निदान करणे याला आधार नाही. कर्करोग, मधुमेह, अपस्मार, पक्षाघात अशा आजारांच्या चमत्कारी उपायांची जाहिरात १९५४ च्या केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे, आणि ‘रेकीने मधुमेह मुळापासून’ अशी पाटी लावणारा त्या कायद्याच्या अगदी जवळून चालत असतो.

नव्याने रेकीकडे वळणाऱ्याला धोका हाताच्या स्पर्शातून नाही. तो थांबवलेल्या औषधातून येतो. इन्शुलिन, रक्तदाबाची गोळी, फिटचे औषध रेकी सुरू केली म्हणून कमी करता येत नाही. छातीत दुखणे, अर्धे अंग लुळे पडणे, न जिरणारी गाठ, अकारण घटणारे वजन ही लक्षणे घेऊन आधी रुग्णालयात जावे लागते. औषधे चालू असताना कोणी रेकी घेतली तर शरीराला अपाय झाल्याची नोंद चाचण्यांत आढळत नाही. उपचारकाची पारख मात्र स्वतःच करावी लागते. जो आजाराचे नाव सांगू लागतो, जो डॉक्टरांकडे जाऊ नका म्हणतो, जो नकोशा जागी हात ठेवतो, किंवा सुधारणा न झाल्यास ‘तुमची श्रद्धा कमी पडली’ म्हणून पुढच्या दहा बैठकांचे पैसे आगाऊ मागतो, त्याच्याकडून उठून यावे. प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असले तरी त्यामागे कोणतीही वैधानिक परिषद, नोंदणी किंवा तक्रारीची खिडकी नाही. ते देणाऱ्या शिक्षकाने स्वतःच छापून घेतलेले असते.